भरल्याला वाट

“या मेल्या मिठात उब्या हायेत,” मैना म्हणाली आणि मोबाइल तिने रुचिकाच्या हातात परत दिला.

रुचिकाने पडद्याकडे पाहिलं. बेलापूरच्या कंपनीने तीन महिने खपून बनवलेला खेळ त्यावर होता. निळसर खाडी, कडेला तिवरांची हिरवी रांग, मध्ये पांढरेशुभ्र सोळा चौकोन आणि त्यातल्या चार चौकोनांच्या बरोबर मध्यावर डोक्यावर टोपली घेतलेल्या चार बायका. त्यांना लुगडी नेसवण्यातच म्हणे एका मुलीचे नऊ दिवस गेले होते. लुगड्यांबद्दल मैनाची तक्रार नव्हती. तक्रार पायांबद्दल होती.

“आत्या, नमुना आहे तो नुसता.”

“नमुना असला म्हनून काय मिठात पाय देल?”

रुचिकाचा वरिष्ठ ऋत्विक समाजमंदिराच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. पाणखारला येऊन त्याला पाऊण तास झाला होता. तेवढ्यात तीन चहा, दोनदा ‘लग्न झालं का’ आणि एकदा ‘एवढा बारीक कशानं’ असा ऐवज त्याच्या पदरी पडला होता. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं की जगात कुठेही पटावरचा खेळ घ्या, सोंगटी चौकोनातच असते. बुद्धिबळ घ्या, ल्युडो घ्या, सापशिडी घ्या.

जगात असेल, असं मैना म्हणाली, आणि त्याला उठवून समोरच्या पटांगणात घेऊन गेली. तिथे चुन्याने आखलेले सोळा चौकोन होते. तिने पायाच्या अंगठ्याने रेघ दाखवली. हा बांध. मग आतली जागा दाखवली. हा वाफा. वाफ्यात मीठ धरायला तीन आठवडे लागतात आणि मोडायला एक पाय पुरतो. तेव्हा माणूस रेघेवर चालतं. चौकोनात मीठ राहतं.

सगळं जग चौकोनात उभं राहून खेळतं आणि पाणखारच्या बायका रेघेवर. कंपनीतल्या हुशार पोरांपैकी एकालाही हे विचारावंसं वाटलं नव्हतं, आणि रुचिकालाही सांगावंसं वाटलं नव्हतं. कारण इथे जन्मलेल्या माणसाला ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

खेळाचं नाव ‘वाट’. मिठागरं चालू होती तेव्हा दुपारच्या भाकरीनंतर बायका सुक्या जमिनीवर काडीने रेघा ओढून तो खेळत. आता मिठागरांवर भराव पडून कंटेनरचं आवार झालंय, बायकांच्या गुडघ्यांनी राजीनामे दिलेत, पण रविवारी सकाळी पटांगणात चुना पडतोच. नियम मैनाचे. काशी, म्हणजे मैनाची जन्माची जोडीदार आणि तेवढीच जन्माची प्रतिपक्ष, त्यातला एक नियम आपला असल्याचं सांगते. कुठला, ते दरवेळी बदलतं.

चार जणी चार कोपऱ्यांतून निघतात. एका वेळी एक चाल, रेघा जिथे छेदतात त्या एका चौकापासून दुसऱ्यापर्यंत. वाफ्याच्या कडेला थांबून घमेलं भरायचं, डोक्यावर घ्यायचं आणि एका टोकाला असलेल्या राशीवर ओतायचं. जिच्या खेपा जास्त ती जिंकली. पाय वाफ्यात पडला तर तो वाफा मोडला. त्यातलं मीठ कुणालाच नाही. भरलेलं माणूस मागे पाऊल घेत नाही, कारण डोक्यावर ओझं असताना मागचं दिसत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: समोरासमोर आलं की भरल्याला वाट. भरलेली बाई ‘भरली’ म्हणते, रिकामी एक चौक मागे सरते. दोघी रिकाम्या असल्या तर लहान वयाची सरते.

“आणि दोघी भरलेल्या समोरासमोर आल्या तर?” ऋत्विकने विचारलं. नियमातली भोकं शोधणं हाच त्याचा धंदा होता आणि हे भोक सापडल्याचा आनंद त्याने फारसा लपवला नाही.

“रास एकीकरंच असते ना?” मैना म्हणाली. “मंग दोगी भरल्या समोरासमोर येतील कशा? आल्या तर एक वाट चुकलेली. तिला सांगायचं, बाय, रास तिकरं.”

ऋत्विकने ते लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतलं. रुचिकाला बरं वाटलं. रेघांचंही त्याने मान्य केलं. बायका चौकोनातून उचलून रेघांवर ठेवायला दोन आठवडे लागतील म्हणाला, पण ठेवू. इथपर्यंत सगळं सरळ चाललं होतं.

रुचिका मैनाच्या धाकट्या भावाची मुलगी. चार वर्षं त्या कंपनीत ती दुसऱ्यांनी बनवलेले खेळ खेळून त्यातल्या चुका शोधायचं काम करत होती. हा पहिला खेळ तिने स्वतः सुचवलेला. तो घेतला गेला तर नियम रचणाऱ्यांत तिचं नाव लागणार होतं. नाही घेतला गेला तर महिनाअखेर तिचा करार संपत होता आणि तो वाढवायचा की नाही यावर कंपनीत कुणी फार विचार करणार नव्हतं. वरच्या लोकांना खेळापेक्षाही त्यामागची बाई आवडली होती. सुरुवातीलाच मैनाचा चेहरा येणार होता, मागे खाडी, खाली तिचं नाव. त्यासाठी एका कागदावर तिची सही हवी होती. कागद ऋत्विकच्या पाकिटात होता आणि कागदाला एक जोडपान होतं. त्यावर एक नवा नियम होता.

नव्या नियमाचं नाव ‘मालक’. पाचवा खेळाडू. त्याच्या डोक्यावर काही नसतं, हातात छत्री असते. तो बांधावरून कुठेही फिरू शकतो आणि तो आला की सगळ्यांनी वाट द्यायची, भरलेल्यांनीही. प्रत्येक डावात पाळीपाळीने एकेकाला मालक व्हायला मिळतं.

ऋत्विकने हे वाचून दाखवलं तेव्हा काशी सुपारी कातरत होती. तिचा हात थांबला. तिने मैनाकडे पाहिलं. मैना काही बोलली नाही, आणि मैना बोलली नाही की पाणखारात लोक खुर्ची थोडी मागे सरकवून बसतात.

“प्रत्येकाला एकदा तरी मालक व्हायचं असतं, मावशी,” ऋत्विक म्हणाला. “त्या पाळीची वाट बघत लोक खेळत राहतात.”

“मना न्हवतं व्हायचं.”

“मना व्हायचंवतं,” काशी म्हणाली. “पन ते बांधावर न्हाय. घरात.”

हसणं झालं. मग मैनाने, कुणाला अपेक्षा नव्हती अशा गोड आवाजात, तो नियम खेळून बघू म्हणून सांगितलं. खेळल्याबिगर कसा कळंल? ऋत्विक खूश झाला. रुचिका झाली नाही. आत्याचा गोड आवाज तिने आयुष्यात दोनदा ऐकला होता आणि दोन्ही वेळा समोरच्या माणसाला घरी जावं लागलं होतं.

चार कोपऱ्यांत मैना, काशी, काशीची सून क्रांती आणि रुचिका. मिठाच्या जागी रेती. मैना लटकी खेप चालू देत नाही. घमेलं भरायचं म्हणजे भरायचं. काशीची काळी छत्री उघडून ऋत्विकच्या हातात दिली गेली. क्रांतीचा नवरा धनेश जेवायला घरी आला होता. त्याचा रिकामा ट्रेलर बांधाच्या रस्त्याच्या तोंडाशी उभा होता. ताट हातातच घेऊन तो ओट्यावर बघायला बसला.

मैनाने नियम अक्षरशः पाळला. ऋत्विक छत्री घेऊन समोर आला. ती भरलेली होती. भरलेल्या बाईला मागे जाता येत नाही, पुढे मालक. तेव्हा ती मुकाट्याने वाफ्यात उतरली. “मोडला,” काशीने जाहीर केलं आणि चुन्याने त्या चौकोनावर फुली मारली. ऋत्विक पुढे गेला, क्रांती वाफ्यात उतरली. मोडला. तो वळला, काशी उतरली, आणि उतरताना लुगडं असं वर धरलं की जणू खारं पाणी घोट्यापर्यंत आहे. मोडला. ऋत्विक बिचारा कुणाच्या वाटेत येऊ नये म्हणून कडेकडेने चालू लागला, तर बायका आपल्या चालीने बरोबर त्याच्यासमोर. नियमात कुठेच बसत नाही असं त्या काही करत नव्हत्या.

सतराव्या फेरीला अकरा फुल्या झाल्या होत्या. उरलेल्या पाच वाफ्यांतलं मीठ आधीच उचललं गेलं होतं. राशीवर पाच घमेली. एरवी सोळा असतात.

“सायेब,” काशीने विचारलं, “ही रास कोनाची?”

ऋत्विकने छत्री मिटली. रास मालकाचीच असते हे त्याला कुणी सांगायला लागलं नाही. आपल्याच मिठातून आपण छत्री घेऊन फिरलो हे त्याच्या लक्षात आलं, आणि हे त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं की तो मनापासून हसला. नियम आपसात भांडतायत, असं तो म्हणाला. मग दोन घोट पाणी प्यायला, विचार केला आणि तोडगा काढला. वाफा मोडण्याचा नियम काढून टाकायचा. चौकोनात पाय पडला तरी काही बिघडत नाही असं करायचं.

“मंग मीठच काढ,” मैना म्हणाली. आवाज आता गोड नव्हता.

यानंतर बोलली ती काशी. मैना स्वतःची गोष्ट सांगत नाही. काशी ती सांगते आणि दरवेळी तीत स्वतःचा वाटा थोडा वाढवते, पण मूळ गोष्ट पाणखारात सगळ्यांना ठाऊक आहे. तीस-बत्तीस वर्षं झाली. मिठागराच्या शेठचा जावई नवा नवा बघायला आला होता. पांढरे बूट, छत्री. मैना डोक्यावर भरली टोपली घेऊन राशीकडे निघालेली आणि तो समोरून. मैनाने रीतीप्रमाणे ‘भरली’ अशी हाक दिली. जावयाला शब्द कळला नाही; कळला असता तरी फरक पडला नसता. मुकादम लांबून ओरडला, मैने, खाली उतर. खाली तयार मीठ होतं. तीन आठवड्यांचं, उद्या ओढायचं.

मैना उतरली नाही. उभी राहिली.

किती वेळ, यावर मतभेद आहेत. कुणी पाव तास म्हणतं, काशी पाऊण म्हणते. मागून एकेक भरलेली बाई येऊन थांबत गेली. बारा झाल्या. भरलेल्यांना मागे जाता येत नाही, त्यामुळे बारा टोपल्यांची ओळ, आणि समोर एक छत्री.

“मी तिच्या पाटीमागंच,” काशी म्हणाली. “मना लागलेली लघवीला. मी म्हनतेय, मैने, उतर गो बाय, नायतर माजं काय खरं न्हाय. ती हाले ना.”

अखेर जावई वळला. दुसऱ्या दिवसापासून हंगाम संपेपर्यंत मैनाला टोपली मिळाली नाही. चिखल उपसायच्या कामाला लावलं तिला, एकटीला. पायाला तेव्हा पडलेल्या भेगा अजून आहेत. पण त्या हंगामापासून पुढे मिठागर बंद होईपर्यंत शेठपासून मुकादमापर्यंत कुणीही भरलेल्या बाईसमोर बांधावर उभं राहिलं नाही.

“म्हनून यो खेल एकटीचा न्हाय,” काशीने समारोप केला. “बारा व्हत्या म्हनून तो वलला. ही एकटी असती तर ढकलली असती पान्यात. हे ही कबूल करनार न्हाय.”

मैनाने ते कबूल केलं नाही. नाकारलंही नाही.

भरल्याला वाट देण्याखेरीज मैनाने आयुष्यात मागे पाऊल किती वेळा घेतलं याची नोंद काशीपाशी आहे: तीन वेळा. एकदा बांधावर नाग होता. एकदा सासूची तिरडी समोरून आली. आणि एकदा खुद्द काशी समोरून रिकाम्या हाताने आली होती, आठव्या महिन्याची, धनेश पोटात. तेव्हा मैनाच्या कमरेला रिकामी टोपली होती. ती दोन चौक मागे गेली.

ऋत्विकने सगळं ऐकून घेतलं. त्याला गोष्ट आवडली. इतकी आवडली की सुरुवातीला हीच दाखवावी असंही त्याच्या मनात येऊन गेलं असावं, कारण त्याने छत्रीचा फोटो काढला. पण मालक मात्र हवा. वरून ठरलं होतं. मालकाची पाळी लवकर हवी असेल तर लोक पैसे मोजतील, सगळं गणित त्यावर बसलं होतं. हे त्याने लपवलं नाही. कागद त्याने ओट्यावर ठेवला, वर पेन ठेवलं आणि फोनवर बोलायला गाडीकडे गेला.

मैना पटांगणापलीकडे आपल्या घरात, दाराआड हंडा आणि कळशी काढत होती. पाहुण्याच्या चहांनी घरातलं गोडं पाणी संपलं होतं आणि नळ बांधाच्या पार त्या टोकाला, खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या उघाडीपाशी. रुचिका कागद घेऊन आत आली.

तिने काय सांगायचं ते सकाळपासून जुळवून ठेवलं होतं. चार वर्षं, करार, महिनाअखेर, भाड्याची खोली. आत्या नाही म्हणाली तर खेळ सोमवारी बाजूला पडणार. यातलं निम्मं तिने सांगितलं, उरलेलं मैनाला आधीच माहीत होतं.

“माजं नाव काढ, तोंड काढ. मंग खेलाचं कायबी करा.”

“तुझ्या नावाशिवाय ते घेणार नाहीत, आत्या.”

मैनाने हंड्याच्या तळाला लागलेली राख पुसली.

“तुज्यासाटी मी सही करंन,” ती म्हणाली. “चिकलात एक हंगाम काडला, अजून एक काडंन. पन तू मांग. आनि मांगताना इकरं बग.”

रुचिका हंड्याकडे बघत होती. हंड्यावर एक पोचा होता, लहानपणापासून ओळखीचा. तिने हातातल्या कागदाची घडी घातली, पुन्हा एक घातली. बाहेर धनेशने हात धुतल्याचा आवाज आला. मैना तेवढा वेळ थांबली, मग चुंबळ डोक्यावर ठेवून, रिकामा हंडा कमरेला लावून बाहेर पडली.

अर्ध्या तासाने ऋत्विकने निरोप घेतला. सही झाली नाही हे कळल्यावर तो रागावला नाही. वाईट वाटतंय म्हणाला, आणि ते खरं होतं. सोमवारी वर काय सांगायचं ते बघू, असंही म्हणाला. त्याचा अर्थ दोघांनाही माहीत होता. रुचिका त्याच्या शेजारी गाडीत बसली. घडी घातलेला बिनसहीचा कागद तिच्या मांडीवर होता. पुढे धनेशचा ट्रेलर निघाला होता, त्याच्या मागे गाडी लागली.

पाणखारचा रस्ता म्हणजे जुना बांधच. वर खडी पडली, डांबर पडलं, रुंदी वाढली नाही. एक वाहन मावतं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भरावाचा उतार.

दोनशे पावलं गेल्यावर ट्रेलर थांबला.

ऋत्विकने थोडा वेळ वाट पाहिली, मग हॉर्न दिला. ट्रेलरमुळे पुढचं दिसत नव्हतं. त्याने काच खाली करून मान बाहेर काढली. रस्त्याच्या मधोमध मैना उभी होती. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, दोन्ही काठोकाठ. तिने पाय रोवलेले नव्हते की हात वर केला नव्हता. ती नुसती थांबली होती, समोरून काही तरी सरायचं आहे आणि ते सरेल अशा खात्रीने. मग तिची हाक आली, चढ्या आवाजात नव्हे, रोजच्या.

“भरली.”

केबिनच्या खिडकीतून धनेशचा हात बाहेर आला आणि मागच्या गाडीला मागे जायची खूण करू लागला. चाळीस फुटी रिकामा ट्रेलर पीं पीं करत मागे यायला लागला.

“अरे, मावशी बाजूला नाही का होऊ शकत?” ऋत्विक म्हणाला. “दोन मिनिटं उतारावर उभ्या राहिल्या तर?”

रुचिकाने समोर पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिने आत्याकडे सरळ पाहिलं, ट्रेलरच्या चाकांच्या मधल्या फटीतून. तिथून फक्त पाय दिसत होते. भेगाळलेले, सरळ रेषेत, डांबराच्या मधोमध.

“रिव्हर्स घे,” ती म्हणाली. “ती भरलेली आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे आपण रिकामे आहोत. घे मागे.”

ऋत्विकने गाडी मागे घेतली. मान वळवून, एका हाताने सीट धरून, दोनशे पावलं. त्याच्या समोर ट्रेलरचा मागचा भाग, ट्रेलरच्या समोर मैना. ती आपल्या चालीने येत होती, ना भराभर ना हळू. पटांगणाशी रस्ता रुंद झाला तिथे गाडी एका कडेला गेली, ट्रेलर दुसऱ्या. काशी ओट्यावर उभी राहून बघत होती. तिने सुपारी तोंडात टाकली.

मैना दोन्ही वाहनांच्या मधून गेली. तिने गाडीत पाहिलं नाही. कळशीतलं पाणी हललं, सांडलं नाही.

तिथून तिच्या दाराकडे जायला जवळची वाट आखलेल्या चौकोनांवरून होती. अकरा चौकोनांवर फुल्या होत्या, उरलेले पाच रिकामे. त्यात मोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती रेघेवरून गेली.